शेल शॉकचं माहेर

‘शेल शॉक’, म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, हे नाव वैद्यकात आणलं डॉक्टर चार्ल्स मायर्सने, फेब्रुवारी १९१५च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतल्या शिपायांच्या तोंडी ते आधीच होतं. पण या आजाराचं माहेर रणांगण नव्हे, रेल्वे आहे, असं माझं ठाम मत आहे.

१८६६ मध्ये लंडनचे सर्जन एरिक्सन यांनी रेल्वे अपघातांतून वाचलेल्यांवर व्याख्यानं प्रसिद्ध केली. अंगावर फारशी जखम नाही, तरी माणसं थरथरत, झोपेतून दचकून उठत. एरिक्सन म्हणाले, कण्याला हादरा बसलाय. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज या रेल्वे कंपनीच्याच सर्जनने ते खोडलं: कणा शाबूत आहे, हा भीतीचा परिणाम. वरवर पाहता भांडण नुकसानभरपाईचं. पण त्याच्या पोटात पुरुषाची अब्रू होती. कणा दुखावला तर तो जखमी. नुसता भ्याला तर हिस्टेरिया, म्हणजे बायकांचा समजला जाणारा रोग.

काही अभ्यासक हे कूळ होफर या डॉक्टरने १६८८ मध्ये वर्णिलेल्या घरच्या ओढीच्या आजारापर्यंत नेतात. काही जण अमेरिकी यादवीतल्या सैनिकांच्या धडधडत्या काळजापर्यंत, ज्यावर डॉक्टर दा कोस्टाने १८७१ मध्ये लिहिलं. लक्षणं जुळतात, हे मान्य. पण जखम की भित्रेपणा, हा वाद मला रेल्वेच्या खटल्यांतच इतका धारदार दिसतो.

ब्रिटिश लष्कराने तोच वाद जसाच्या तसा उचलला. शत्रूच्या तोफगोळ्यामुळे त्रास झाला असेल तर नोंदीत ‘डब्ल्यू’: जखमी, बाहीवर जखमेची पट्टी, पेन्शनचा हक्क. नाहीतर ‘एस’: आजारी, आणि यातलं काहीच नाही. मायर्सने ‘लॅन्सेट’मध्ये वर्णिलेल्या तिन्ही रुग्णांची दृष्टी, वास, चव आणि स्मृती बिघडली होती. ऐकू मात्र जवळपास नीट येत होतं. कानठळ्या बसवणारा स्फोट, आणि कान शाबूत! माझ्या लेखी सगळा उलगडा इथेच आहे. दोष स्फोटातल्या हवेच्या धक्क्याचा नव्हताच. तरी नाव टिकलं, कारण त्याने दोष तोफेवर ढकलून पुरुषाला वाचवलं.

सगळ्यांना नाही. १९१७ मध्ये लष्कराने या नावावरच बंदी घातली. त्याआधी हॅरी फार हा शिपाई १९१५ मध्ये शेल शॉकसाठी पाच महिने इस्पितळात होता. ऑक्टोबर १९१६ मध्ये भित्रेपणाच्या आरोपाखाली त्याला गोळ्या घातल्या. माफी मिळाली २००६ मध्ये, एकूण ३०६ जणांना; त्यांत फारही होता.