खेळणे आणि वाजवणे

वाद्य हाताळण्याच्या क्रियेसाठी निरनिराळ्या भाषांनी जी क्रियापदे योजली आहेत, त्यांच्यात त्या त्या भाषिक समाजाची संगीतविषयक धारणा काही अंशी साठलेली असते. इंग्रजीतील ‘प्ले’, जर्मनमधील ‘श्पीलेन’ आणि फ्रेंचमधील ‘झुए’ ही क्रियापदे खेळासाठीही चालतात आणि वाद्यासाठीही. मराठीने मात्र या दोन क्रिया वेगळ्या ठेवल्या. बुद्धिबळ खेळले जाते, सतार वाजवली जाते. ‘वाजवणे’ हे ‘वाजणे’ या धातूचे प्रयोजक रूप आहे. वाद्य वाजते, आणि त्याला वाजते करणारा तो वादक. नाद उत्पन्न करण्याचे कर्तृत्व आणि तो नाद बिघडल्यास त्याची जबाबदारी, ही दोन्ही या प्रयोजक रूपाने वादकाकडे सोपवली आहेत. गेल्या तीन दशकांत जगभर पसरलेल्या संगीताच्या व्हिडिओ खेळांमुळे या भेदाचा नव्याने विचार करणे आवश्यक झाले आहे. पडद्यावर सरकत येणाऱ्या रंगीत खुणा पाहून नेमक्या क्षणी कळ दाबणारा खेळाडू गाणे वाजवीत असतो काय? नसल्यास, तो जे करतो त्याला कोणते नाव द्यावे?

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्माला आलेला नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे एडविन व्होटी यांनी १८९५ मध्ये एक लाकडी पेटारा तयार केला. तो पियानोसमोर लावला म्हणजे त्याची नमदा लावलेली लाकडी बोटे पियानोच्या पट्ट्यांवर येत. आत छिद्रे पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरे. पायाने हलविण्याच्या भात्यांमुळे हवेचे शोषण होई, आणि ज्या छिद्रातून हवा आत शिरे त्या छिद्राशी संबंधित बोट पट्टी दाबी. ‘पियानोला’ या नावाने हे यंत्र बाजारात आले आणि पुढे ते पियानोच्या पोटातच बसविले जाऊ लागले. ज्याने एकही स्वर शिकलेला नाही अशा गृहस्थाच्या दिवाणखान्यातही आता शोपँ आणि लिस्ट यांच्या रचना ऐकू येऊ लागल्या.

तथापि पियानोला वाजविणारा मनुष्य निव्वळ भाता हलविणारा नव्हता, ही गोष्ट बहुधा विसरली जाते. कोणते स्वर यावयाचे ते कागदाने ठरविलेले असे. पण लय किती जलद वा विलंबित ठेवावी, खर्जाकडील आणि तारेकडील स्वर किती जोराने उमटवावेत, हे यंत्रावरील लहान दांड्यांनी आणि पायांच्या दाबाने ठरविणे त्याच्या हाती होते. विसाव्या शतकाच्या आरंभी तर काही गुंडाळ्यांवर तांबडी नागमोडी रेषा छापली जाऊ लागली. कागद पुढे सरकत असताना लयीच्या दांडीला जोडलेला काटा त्या रेषेवर ठेवीत गेले, की रचनाकाराला किंवा नामवंत वादकाला अभिप्रेत असलेली लयीची चढउतार साधे. सरकत येणारी खूण, तिच्या मागोमाग चालणारी नजर आणि तिच्याशी जुळवून घेणारा हात, ही आजच्या संगीत-खेळांची मूळ रचना या कागदी गुंडाळीत पूर्णत्वाने दिसते.

या यंत्रांच्या प्रसाराने चिंतित झालेल्यांत प्रसिद्ध बँडनायक आणि रचनाकार जॉन फिलिप सूझा हे अग्रणी होते. १९०६ मध्ये ‘ॲपल्टन्स मॅगझीन’मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी असे प्रतिपादन केले, की संगीत आयते मिळू लागल्यावर मुले रियाज करणार नाहीत आणि हौशी वादकांचा वर्गच लोप पावेल. त्यांच्या चिंतेला आर्थिक बाजूही होती. गुंडाळ्यांच्या विक्रीतून रचनाकाराला काहीच मिळत नसे. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, माणसाला डोळ्यांनी वाचता न येणारी गुंडाळी ही स्वरलेखनाची प्रत ठरत नाही, असा निर्णय दिला. पुढच्याच वर्षी नव्या कायद्याने प्रत्येक यांत्रिक प्रतीमागे रचनाकाराला दोन सेंट देण्याची तरतूद झाली. हौशी वादकांविषयीचे भाकीत मात्र सरळपणे खरे ठरले नाही. १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत तयार होणाऱ्या पियानोंपैकी निम्म्याहून अधिक स्वयंवादक होते. परंतु रेडिओ आणि सुधारलेला ग्रामोफोन येताच, आणि त्यापाठोपाठ १९२९ ची मंदी कोसळताच, सर्वप्रथम मोडीत निघाला तो हाच पियानो. ज्याला केवळ ऐकावयाचे होते त्याला पाय हलविण्याचे कारण उरले नाही. ज्याला वाजवावयाचे होते तो साध्या पियानोकडे परतला. मेक्सिको सिटीत राहणारे रचनाकार कॉनलन नॅनकॅरो यांनी तेवढा या अडगळीतील यंत्राचा सर्जनशील उपयोग केला. मानवी बोटांना अशक्य अशा लयींच्या रचना त्यांनी कागदावर स्वहस्ते छिद्रे पाडून सिद्ध केल्या. त्यांचे निधन १९९७ मध्ये झाले.

त्याच सुमारास जपानमध्ये या कथेचा दुसरा अध्याय सुरू झाला होता. १९९६ च्या डिसेंबरमध्ये ‘पारप्पा द रॅपर’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते मासाया मात्सुउरा हे स्वतः संगीतकार होते. गुरूने उच्चारलेली ओळ शिष्याने लयीत कळा दाबून परत म्हणावी, अशी या खेळाची योजना होती. आणि विशेष म्हणजे दाखविलेल्या खुणा सोडून जो खेळाडू लयीतच स्वतःची भर घाली, त्यालाच सर्वोच्च श्रेणी मिळे. पुढील वर्षी कोनामी कंपनीचा ‘बीटमेनिया’ सार्वजनिक खेळघरांत आला. पाच कळा आणि एक फिरती तबकडी एवढी त्याची सामग्री होती. खेळाडूने कळ दाबली म्हणजे रचनेतील तेवढा तुकडा ऐकू येई. दाबली नाही तर तो गळे. १९९९ मध्ये गिटारच्या आणि ड्रमच्या आकाराची साधने घेऊन आणखी खेळ आले. पारप्पामध्ये स्वयंस्फूर्तीला असलेली जागा मात्र या विकासक्रमात आक्रसत गेली. नेमकेपणा मोजता येतो, भर मोजणे अवघड असते. आणि ज्याची मोजणी सुलभ त्याचाच खेळ होतो.

येथे जपानी भाषेची साक्ष उद्बोधक आहे. तंतुवाद्य वाजविण्यासाठी ‘हिकु’ आणि खेळण्यासाठी ‘असोबु’ अशी वेगळी क्रियापदे आधुनिक जपानीतही आहेत. पण हेइआन काळातील दरबारी साहित्यात ‘असोबी’ या शब्दाने संगीतमैफलीचाही बोध होत असे. दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. २००१ मध्ये नाम्को कंपनीने ‘ताइको नो तात्सुजिन’ हा ढोलाचा खेळ आणला. त्यात तांबडी खूण आली की ढोलाच्या पुडीवर आणि निळी आली की काठावर आघात करावयाचा असतो, आणि खुणांच्या खाली ‘दोन’, ‘का’ असे ध्वनी लिहिलेले असतात. जपानी ढोलवादनाची मौखिक परंपरा अशाच अक्षरांनी शिकविली जाते. तबल्याचे बोल मुखोद्गत करून त्यांची पढंत केल्यावाचून हात बसत नाही, हे ज्या परंपरेला ठाऊक आहे, तिला या खेळातील शिक्षणाचा अंश ओळखू येण्यास अडचण पडू नये.

अमेरिकेत या प्रकाराला लोकप्रियतेचे शिखर गाठून दिले ते ‘गिटार हीरो’ने. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतून बाहेर पडलेल्या ॲलेक्स रिगोपुलोस आणि एरान एगोझी यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेल्या हार्मोनिक्स या संस्थेने तो तयार केला आणि २००५ मध्ये तो बाजारात आला. प्लॅस्टिकच्या गिटारवर पाच रंगीत कळा आणि तारांच्या जागी एक पट्टी. डाव्या हाताने कळ धरावयाची आणि उजव्या हाताने पट्टी हलवावयाची. खूण साधली की ध्वनिमुद्रणातील गिटार ऐकू येते; चुकली की ती गप्प होते आणि उरलेले वाद्यवृंद पुढे जातो. पहिल्या खेळातील बहुतेक प्रमुख गाणी मूळ कलावंतांच्या मुद्रणातून घेतलेली नव्हती, तर अन्य वादकांकडून हुबेहूब वाजवून घेतलेली होती. लक्षावधी लोकांनी वाजवल्याचा अनुभव घ्यावा म्हणून कोणा अनामिक वादकाला आधी खरोखरीच वाजवावे लागले होते. या मालिकेतील २००७ च्या तिसऱ्या खेळाच्या विक्रीने एक अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला.

पियानोला आणि गिटार हीरो यांची तुलना केली असता त्यांनी वादनकलेची वाटणी अगदी उलट रीतीने केलेली दिसते. पियानोलाने बोटांचे कौशल्य स्वतःकडे ठेवले आणि लय व जोर माणसाला दिला. खेळाने बोटांचे चापल्य आणि क्षणाचा नेमकेपणा माणसाकडे मागितला, परंतु लय आणि जोर त्याच्याकडून काढून घेतला. पट्टी हळुवार हलवा वा जोरात, स्वर तोच येतो. वादनात जे एकजीव असते त्याचे एकेक अंग या दोन यंत्रांनी आपापल्या परीने सुटे करून दिले, आणि म्हणूनच दोहोंतून मिळणारा आनंद खरा असूनही अपुरा राहिला.

याहून मूलगामी भेद दोन आहेत. सतारीच्या एखाद्या पडद्यावर तार दाबली की तेथे मिळणारा स्वर, तार जुळलेली असेल तोवर, आजही तोच आणि उद्याही तोच. जागा आणि स्वर यांचे हे स्थिर नाते हातात मुरते आणि एका रागासाठी केलेला रियाज दुसऱ्या रागाला उपयोगी पडतो. प्लॅस्टिकच्या गिटारवरील हिरव्या कळेला स्वतःचा स्वर नाही. रचनेगणिक, किंबहुना एकाच रचनेत, तिच्यामागून वेगवेगळे स्वर येतात. दुसरा भेद चुकीच्या स्वरूपाचा आहे. वाद्यावर चूक झाली तर ती ऐकू येते आणि तिचे अनेक प्रकार असतात. तार खरखरते, स्वर उतरतो, आघात बोथट पडतो. जाणता गुरू केवळ चूक ऐकून शिष्याचा अंगठा कोठे अडतो आहे ते सांगू शकतो. खेळातील चूक बहुधा एकाच जातीची असते: साधले नाही, एवढेच. ज्या चुकीतून काही ऐकू येत नाही तिच्यातून कान तयार होणे कठीण.

या मर्यादांची जाणीव खेळ रचणाऱ्यांना नव्हती असे नाही. हार्मोनिक्सने २००७ मध्ये आणलेल्या ‘रॉक बँड’मध्ये ड्रमसाठी चार गाद्या आणि एक पायपट्टी होती. हात आणि पाय स्वतंत्र मात्रांवर चालविण्याची त्यातील कसरत खऱ्या ड्रमवादनाच्या बरीच जवळ जाते. २०१० च्या तिसऱ्या आवृत्तीत १०२ कळा असलेली गिटार आणि दोन सप्तकांची पेटी आली. जसजसे साधन वाद्याच्या जवळ गेले तसतशी त्याची सुलभता ओसरली. २०११ च्या फेब्रुवारीत ॲक्टिव्हिजन कंपनीने गिटार हीरोचा विभाग बंद केला; त्याच वर्षी यूबीसॉफ्टचा ‘रॉकस्मिथ’ आला. त्यात प्लॅस्टिकचे साधन नव्हते. खरी विद्युत गिटार तारेने यंत्राला जोडावयाची आणि यंत्राने तिचे स्वर ओळखावयाचे, अशी ती योजना होती. गिटार हीरो हे नाव २०१५ मध्ये पुन्हा एकदा येऊन गेले. जुन्या प्लॅस्टिकच्या गिटारी, ज्या यंत्रासाठी बनविल्या गेल्या ते कालबाह्य होताच, मुक्या झाल्या. खऱ्या वाद्याच्या तारा मात्र बदलता येतात.

तथापि एवढ्यावरून या खेळांची संभावना फसवणूक म्हणून करणे अन्यायाचे होईल. मराठीत ‘खेळणे’ आणि ‘वाजवणे’ यांच्यामध्ये आणखी एक शब्दप्रयोग उभा आहे: ‘ताल धरणे’. मैफलीत बसलेला जाणकार श्रोता मांडीवर हात ठेवून मात्रा मोजतो, खाली-भरीचे भान राखतो आणि समेवर गवयाबरोबर येतो. तो गात नाही, वाजवीत नाही. पण त्याचे ऐकणे निष्क्रियही नसते. खेळाडूच्या बोटांत जे घडते ते जातीने याच्या निकटचे आहे. ध्वनिमुद्रणातील गुंतागुंतीच्या गिटारमधला प्रत्येक आघात वेगळा करून ऐकावयास तो शिकतो, ही प्राप्ती लहान नाही. अंतर उरते ते एवढेच, की श्रोत्याची सम चुकली तर त्याची त्यालाच उमगते आणि पुढच्या आवर्तनात तो ती पुन्हा शोधतो. खेळाडूला ती पडद्यावरचे गुण सांगतात.

सूझा यांची भीती आणि खेळविक्रेत्यांचे आश्वासन या दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत होते: यंत्र वादकाची जागा घेऊ शकते. सव्वाशे वर्षांच्या या इतिहासाने तसे दाखविलेले नाही. यंत्राने प्रत्येक वेळी वादनाचा एखादा अंश सर्वांच्या आवाक्यात आणला, आणि उरलेल्या अंशाची किंमत अधिक स्पष्ट केली. ताल धरता येऊ लागलेल्या मुलाच्या हातात पुढे खरे वाद्य येते किंवा नाही, हे कोणताही खेळ ठरवू शकत नाही. ते घरात वाद्य आहे काय, शिकविणारा आहे काय, आणि पहिली काही वर्षे निघणारा बेसूर आवाज सहन करणारी माणसे भोवती आहेत काय, यांवर अवलंबून राहते.