तोदो ताकातोरा
(१५५६–१६३०). अनेक धन्यांची चाकरी करून दाइम्योपदाला (सरंजामी सरदारपदाला) पोहोचलेला जपानी सामुराई व दुर्गरचनाकार.

ओमी प्रांतात जन्म. आनेगावाच्या लढाईत (१५७०) तो आझाई घराण्याकडून लढला. नंतर अल्पावधीत काही धनी बदलून तो तोयोतोमी हिदेनागाकडे आला. ही चाकरी मात्र धन्याच्या मृत्यूपर्यंत (१५९१) टिकली. हिदेनागाचा वारसही वारल्यावर (१५९५) ताकातोरा कोया पर्वतावर विरक्त होऊन राहिला. हिदेनागाचा भाऊ व जपानचा तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने त्याला परत बोलावून इयो प्रांतात जहागीर दिली. सेकिगाहाराच्या लढाईत (१६००) तो तोकुगावा इएयासूच्या बाजूने लढला; १६०८ मध्ये त्याला त्सु येथील जहागीर मिळाली (पहा : तोकुगावा शोगुनशाही).

इमाबारी किल्ल्याचा समुद्राच्या पाण्याने भरणारा खंदक आणि इगा-उएनो किल्ल्याचा सुमारे ३० मी. उंच दगडी तट ही त्याची प्रमुख कामे. त्याच्या निशाणावर मोचीचे (चिकट तांदळाच्या वडीचे) तीन पांढरे गोल असत. ‘शिरोमोची’ म्हणजे पांढरी मोची, तसाच किल्ल्याचा धनीही.

सेंगोकु (यादवी युद्धांच्या) काळात धनी बदलणे रूढच होते. एकनिष्ठेचा दंडक एदो काळात कन्फ्यूशसमताच्या प्रभावाने घट्ट झाला (पहा : बुशिदो); अनेक धनी बदलल्याबद्दल ताकातोरावर येणारा संधिसाधूपणाचा ठपका बव्हंशी या नंतरच्या मापाचा.