रक्ताच्या वाटेची बांधणी

श्रोतेहो, विहीर खणणाऱ्या जाणत्या माणसाला विचारा. तो सांगेल, पाणी लागले म्हणजे काम संपले असे नव्हे. कडा ढासळू नयेत म्हणून बांधणी करावी लागते आणि बांधलेल्या विहिरीचाही गाळ उपसावा लागतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची गोष्ट अशीच आहे. मी डॉक्टर नव्हे, इतिहास शिकवणारा माणूस. तेव्हा मी त्या गोष्टीचा इतिहासच सांगतो.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक शहरात आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरांनी एका ३८ वर्षांच्या रोग्याच्या हृदयाची चोंदलेली वाहिनी छाती न उघडता मोकळी केली. बारीक नळीच्या टोकाचा फुगा आत नेला आणि फुगवला, इतकेच! रोगी जागा होता. दहा वर्षांनी पाहिले तेव्हाही त्याची वाहिनी खुली होती. पण सर्वांचे दैव असे कोठले? तिघांपैकी सुमारे एकाची वाहिनी काही महिन्यांतच पुन्हा आवळली जाई.

म्हणून बांधणीचा विचार आला. १९८६ साली फ्रान्समध्ये जाक प्युएल यांनी आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिख सिगवार्ट यांनी वाहिनीत धातूची जाळीदार नळी बसवली. हाच स्टेंट. १९९४ साली 'बेनेस्टेंट' चाचणीचे आकडे प्रसिद्ध झाले. नुसत्या फुग्यानंतर शंभरात ३२ जणांची वाहिनी पुन्हा अरुंद झाली होती, स्टेंटनंतर २२ जणांची.

फायदा झाला खरा. पण जाळीच्या आत हराळीसारखी नवी वाढ होई. तिच्यावरचे औषध सापडले ते ईस्टर बेटाच्या मातीत! १९६४ साली एका कॅनेडियन मोहिमेने आणलेल्या त्या मातीतील सूक्ष्म जंतूपासून सुरेंद्रनाथ सेहगल आणि सहकाऱ्यांनी सिरोलिमस वेगळे काढले. १९९९ साली ब्राझीलमध्ये एदुआर्दो सोझा यांनी हे औषध चढवलेला स्टेंट बसवला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, सहा महिन्यांनंतर, तो बसवलेल्या एकाचीही वाहिनी पुन्हा आवळलेली दिसली नाही.

मग २००६ साली बार्सिलोनाच्या परिषदेत धोक्याची घंटा वाजली. औषधी स्टेंटमध्ये वर्षानंतरही एकाएकी रक्ताची गुठळी होते, असे पुढे आले. औषधाने हराळी रोखली, तसे धातूवर चढणारे संरक्षक अस्तरही रोखले. पुढे तारा बारीक झाल्या, लेप सुधारले.

शेवटी खरे-खोटे कसे ठरले? नॉर्वेत ९,०१३ रोग्यांवर सहा वर्षे नजर ठेवली. निकाल २०१६ साली आला. मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका यांचे प्रमाण नव्या औषधी स्टेंटमध्ये शंभरात १६.६, साध्यात १७.१, म्हणजे जवळपास सारखेच. मात्र वाहिनी पुन्हा मोकळी करण्याची पाळी औषधी स्टेंटमध्ये १६.५, तर साध्यात १९.८ जणांवर आली. गुठळ्याही औषधी स्टेंटमध्ये कमीच.

यातून काय घ्यावे? नव्या स्टेंटने पुन्हा इस्पितळाची पायरी चढणे टळते, पण स्टेंट कोणताही असो, मूळ रोग अंगातच राहतो. 'आता दुखत नाही' म्हणून गुठळीविरोधी गोळ्या मनाने बंद करणारा माणूस जिवाशी खेळतो. गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरांनीच सांगावे. गुरुजी, तुमच्या गावात असा कोणी असेल, तर तंबाखू सोडण्याच्या जोडीला हेही त्याला आज सांगा.