मूर्तीचा मूळ पत्ता

आपल्या गोव्यात एखाद्याला त्याचं कुलदैवत विचारलं की उत्तरात बहुधा दोन गावं येतात. मंगेश आज प्रियोळला, पण मूळचा कुठ्ठाळीचा. शांतादुर्गा कवळ्याला, पण मूळची केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी देव उचलले आणि नदीपलीकडे अंत्रूज महालात नेले. साडेचारशेहून अधिक वर्षं झाली, पण देव कुठून आला हे कुणी विसरलेलं नाही. देवाला मूळ पत्ता असतो, हे आम्हांला वेगळं शिकवावं लागत नाही.

म्हणूनच परदेशी संग्रहालयांतल्या आपल्याकडच्या मूर्तींखालच्या पाट्या मला अपुऱ्या वाटतात. शतक, धातू, राजवट आणि फार तर 'दक्षिण भारत' एवढाच मजकूर. दक्षिण भारतात कुठं? कुठल्या देवळात? आणि तिथून इथवर आली कशी?

या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराला संग्रहालयांच्या भाषेत 'प्रोव्हेनन्स' म्हणतात. वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली, याची ती वंशावळ. तिच्यात १९७० या सालाला फार महत्त्व आहे. सांस्कृतिक वस्तूंचा चोरटा व्यापार रोखण्यासाठी युनेस्कोचा करार त्या वर्षी झाला. त्यामुळं वस्तू १९७० च्या आधीच मूळ देशाबाहेर पडली होती असं कागदावर दिसलं की बऱ्याच संग्रहालयांना हायसं वाटतं. आणि जिथं एका सालावर लाखो डॉलर अवलंबून असतात, तिथं ते साल लिहिलेला कागद तयार व्हायला कितीसा वेळ लागणार?

तामिळनाडूतल्या अरियलूर जिल्ह्यातल्या श्रीपुरंदान गावाची गोष्ट पाहा. तिथं चोळकालीन बृहदीश्वराचं देऊळ आहे. पूजाअर्चा थांबलेली, देऊळ बंद. २००६ मध्ये चोरांनी आतल्या उत्सवमूर्ती पळवल्या. त्यांत एक नटराज होता. देऊळच बंद, त्यामुळं चोरी लगेच कळली नाही. ती उजेडात आली २००८ साली. त्याच वर्षी, चोरीचा बोभाटा होण्याआधीच, कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयानं तो नटराज न्यूयॉर्कच्या सुभाष कपूर या व्यापाऱ्याकडून सुमारे पन्नास लाख अमेरिकन डॉलरला विकत घेतला होता.

संग्रहालयानं चौकशी केली नव्हती असं नाही. मूर्तीसोबत कागद होते. दिल्लीत नेमणुकीवर असलेल्या एका परदेशी मुत्सद्द्यानं ती घेतली आणि १९७१ च्या सुमारास ती भारताबाहेर गेली, अशी कथा त्यांत होती. चोरीस गेलेल्या कलावस्तूंच्या आंतरराष्ट्रीय यादीतही हा नटराज सापडला नाही. सापडणार कसा? चोरी झाल्याचं गावालाच ठाऊक नव्हतं, मग ती यादीत कोण घालणार!

पण मला खटकते ती वेगळीच गोष्ट. समजा, ही कथा खरी असती. तरी प्राचीन वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेण्यावर भारतात १९४७ च्या कायद्यानंच बंदी होती. १९७२ चा पुरावशेष कायदा नंतरचा. म्हणजे तो निर्यात परवाना दाखवा, एवढा एकच प्रश्न पुरेसा होता. मालकाचं नाव मिळालं की मालकी सिद्ध झाली असं मानण्याची ही सवय. 'ही कुणाकडे होती' हे विचारलं गेलं, 'ही कुणाची होती' हे राहूनच गेलं.

खोटं उघड पाडलं ते एका छायाचित्रानं. पुदुच्चेरीत १९५५ साली स्थापन झालेली फ्रेंच संशोधन संस्था आहे. तिच्या अभ्यासकांनी दक्षिणेतल्या देवळांत गावोगाव फिरून लाखाहून अधिक छायाचित्रं काढून ठेवली. त्यात श्रीपुरंदानचा हा नटराज १९९४ साली देवळातच असल्याचं दिसत होतं. १९७१ मध्ये देश सोडून गेलेला देव १९९४ मध्ये देवळात कसा? वादच मिटला. कपूर २०११ साली जर्मनीत पकडला गेला, २०१२ मध्ये भारताच्या ताब्यात आला. २०२२ मध्ये तामिळनाडूतल्याच एका दुसऱ्या मूर्तिचोरीच्या खटल्यात कुंभकोणमच्या न्यायालयानं त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान टोनी ॲबट दिल्लीला आले, तेव्हा त्यांनी नटराज परत केला. वृद्धाचलमच्या देवळातून गेलेली दगडी अर्धनारीश्वराची मूर्तीही त्यांनी सोबत आणली होती. ती सिडनीच्या कलासंग्रहालयात होती, आणि तीही कपूरकडूनच घेतलेली.

असं छायाचित्र नसलं की काय होतं, ते पथूरच्या नटराजानं दाखवलं. १९७६ साली तंजावर भागातल्या या गावी पडक्या देवळाजवळ खणताना एका मजुराला ही जमिनीत पुरलेली मूर्ती मिळाली. हातोहात विकली जात ती लंडनला पोचली आणि १९८२ मध्ये एका कॅनेडियन कंपनीनं ती विकत घेतली. त्याच वर्षी ती पोलिसांनी ताब्यात घेतली. ही मूर्ती पथूरचीच हे ठरवायला मग तज्ज्ञांना तिच्यावरची माती आणि वाळवीच्या खुणा तपासाव्या लागल्या, तिथंच सापडलेल्या इतर मूर्तींशी ती ताडून पाहावी लागली. निकाल १९८८ मध्ये लागला, अपिलाचा १९९१ मध्ये. दावेदारांत खुद्द पथूरचं देऊळही होतं आणि पडकं असूनही त्याचा हक्क इंग्रज न्यायाधीशांनी मान्य केला! त्याच वर्षी नटराज भारतात परतला.

आता आपल्याकडं वळू. आपण देवांचे मूळ पत्ते जपले ते तोंडी सांगून. तेव्हाच्या देवळांच्या जमिनींची माहिती मात्र आज आपण बरीचशी पोर्तुगिजांच्या दप्तरांतून शोधतो. ज्यांनी देवळांचं हिरावून घेतलं त्यांनीच ते लिहून ठेवलं, हा इतिहासाचा विनोद म्हणायचा. पण न्यायालयात आणि संग्रहालयात आजीची आठवण पुरत नाही. तिथं कागद लागतो, चित्र लागतं.

मोठ्या देवस्थानांची मला तितकी चिंता नाही. तिथं महाजन आहेत, वर्दळ आहे. चिंता वाटते ती रानात, कुळागरात, शेताच्या मेरेवर उभ्या असलेल्या गजलक्ष्म्यांची आणि वेताळांची. वर्षातून एकदा नारळ ठेवला जातो, एरवी तिथं कुणी फिरकत नाही. श्रीपुरंदानचं देऊळ असंच एकटं पडलं होतं.

त्यांच्यासाठी फार काही करायला नको. समोरून, बाजूनं आणि मागून छायाचित्रं काढावीत. उंची, रुंदी मोजावी. कुठला टवका उडाला आहे, कुठला हात मोडला आहे, ते लिहावं, कारण मूर्तीची खरी ओळख तिच्या व्यंगातच असते. नक्कल करणाऱ्याला सौंदर्य साधतं, पण नेमका तोच टवका साधणं अवघड. या नोंदीवर तारीख घालावी आणि ती एका नव्हे, दोन-तीन ठिकाणी ठेवावी. आपल्या पूर्वजांनी देव डोक्यावर घेऊन नदी ओलांडली. आपल्याला फक्त एक वही आणि कॅमेरा घेऊन गावच्या रानापर्यंत जायचं आहे.