सिंधिया ही देशी जहाज कंपनी १९१९ ला निघाली, मग देशी जहाज पाण्यात उतरायला १९४८ साल का उजाडलं?

दरवर्षी ५ एप्रिलला आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो. १९१९ साली याच तारखेला ‘एस. एस. लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं होतं. जहाजाची मालकी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन या भारतीय कंपनीकडे होती. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी यांनी ही कंपनी काढली होती.

पण हे जहाज भारतात बांधलेलं नव्हतं. १८९० मध्ये इंग्लंडच्या बॅरो शहरात ते पाण्यात उतरलं, तेव्हा त्याचं नाव होतं ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ते विकत घेऊन त्याचं हॉस्पिटल जहाज केलं आणि नाव ठेवलं ‘लॉयल्टी’. कंपनीने घेतलं ते हेच जुनं जहाज.

मग आपल्याला जहाजं बांधता येत नव्हती का?

येत होती. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी जहाजं बांधली. १८१७ साली इथे बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये जतन केलेलं आहे. पण पुढे लोखंड, पोलाद आणि वाफेचा जमाना आला. त्यासाठी लागणारे कारखाने आणि भांडवल ब्रिटनमध्ये होतं, आणि इथल्या परक्या सरकारला देशी जहाजबांधणी वाढवण्यात रस नव्हता.

त्यात वाहतुकीवरही ब्रिटिश कंपन्यांची पकड. भाड्याच्या दरयुद्धात सिंधिया पुरती टेकीला आली. १९२३ च्या करारानुसार तिला दहा वर्षं फक्त किनाऱ्यालगतच्या मालवाहतुकीवर समाधान मानावं लागलं.

तरी वालचंद यांनी स्वतःच्या गोदीचा नाद सोडला नाही. कलकत्त्यात मनासारखी जागा मिळाली नाही, म्हणून विशाखापट्टणम ठरलं. २१ जून १९४१ ला डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. पण वर्षाच्या आतच, ६ एप्रिल १९४२ ला, जपानी विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले आणि काम रखडलं.

अखेर १४ मार्च १९४८ ला पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते ‘जल उषा’ पाण्यात उतरलं. सुमारे ८,००० टन भार वाहणारं हे जहाज स्वतंत्र भारतात जलावतरण झालेलं पहिलं मोठं समुद्रगामी जहाज.

जलावतरण म्हणजे नेमकं काय?

जहाजाचा सांगाडा पाण्याकडे उतरत्या धक्क्यावर बांधतात. खालच्या वाटेला चरबी किंवा ग्रीस लावतात. टेकू काढले की जहाज स्वतःच्याच वजनाने घसरत पाण्यात जातं. भारतात यावेळी नारळ फोडतात, युरोपात शॅम्पेनची बाटली. पण एवढ्यावर जहाज तयार होत नाही. बरीच यंत्रसामग्री, खोल्या, विजेचं काम हे सगळं त्यानंतर होतं, मग समुद्रात चाचणी आणि शेवटी पहिली सफर.

१९५२ मध्ये ही गोदी सरकारी भागीदारीतल्या हिंदुस्तान शिपयार्डकडे गेली आणि पुढच्याच वर्षी वालचंद यांचं निधन झालं. ‘लॉयल्टी’ तर १९२३ मध्येच भंगारात निघालं होतं. सागरी दिन मात्र त्याच्याच नावाने लक्षात राहिला. १४ मार्चही तितकाच लक्षात ठेवण्यासारखा आहे.