47 एफ: मुळेच्या खोऱ्याचा कागद

सर्वे ऑफ इंडियाचं नकाशापत्रक म्हणजे ट्रेकरांच्या तोंडी नुसती ‘टोपोशीट’. पुणं आणि मुळशीचं खोरं 47 एफमध्ये येतं. नाव रुक्ष, हिशेब सोपा: चार अंशांच्या चौकोनाला 47, त्यातल्या एका अंशाच्या घराला एफ, आणि त्या घराचे पुन्हा सोळा तुकडे.

मोडीत गावांची नावं घातलेले, रंगवलेले नकाशे पेशवाईतही होते. मोजणीचं घराणं मात्र वेगळं. 1802 मध्ये इंग्रज सर्वेक्षक लॅम्बटनने मद्रासजवळ जमिनीवर एक पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत मोजणी निघाली. 1827 पासून निघालेल्या ‘अ‍ॅटलस ऑफ इंडिया’त चार मैल एका इंचात बसवलेले, आणि डोंगर बारीक रेघांचे, कागदावर सुरवंट पडल्यासारखे. डोंगर आहे हे कळे. किती उंच, ते कळत नसे. 1905 नंतर सर्वे ऑफ इंडियाने मैलाला एक इंच असे रंगीत नकाशे हाती घेतले आणि तपकिरी समोच्च रेषा आल्या. स्वातंत्र्यानंतर मेट्रिक मापं आली, तसा एक इंच जाऊन 1:50,000 झालं.

मला या कागदावर सगळ्यात जास्त खटकतात ते काळे ओढे. पाणी असलेला प्रवाह निळा, कोरडा काळा, असा नियम. मोजणीवाले पाऊस सरल्यावर हिंडायचे, मदतीचा गडी, म्हणजे खलाशी, निशाण धरून टेकडीवर उभा. पावसाळ्यात कचेरीत बसून रेखाटन. त्यामुळे श्रावणात ज्या ओढ्यात माणूस पाऊल घालणार नाही, तो नकाशात कोरडा ठणठणीत. ताम्हिणी घाटाचा पाऊस पाहिलेल्याला याचं हसूच येईल. नियमात चूक नाही म्हणा. पण खोरं अर्धंच उतरलं.

उरलेलं मुळशीच्या धरणाने बदललं. टाटांच्या या धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह 1921 ते 1924 चालला, तरी मुळा-निळेच्या काठची भातखाचरं बुडाली. मुळेचं पाणी एरवी पुण्यावरून भीमेकडे, पूर्वेला जायचं. आता त्यातलं बरंचसं घाट उतरून कोकणात भिऱ्याच्या वीजघरात जातं. नकाशावर तलाव सपाट निळा आहे.

2017 पासून सर्वे ऑफ इंडिया नव्या क्रमांकाची पत्रकं मोफत देते. मुळशीचं उतरवून घ्या आणि तिथल्या एखाद्या आजोबांपुढे पसरा. काळ्या ओढ्यांना कागदावर बहुधा नाव नसतं, त्यांना असेल.