लाकडी बाकाची गोष्ट

रेल्वेचा इतिहास म्हटला की आपण सगळे बोरीबंदर ते ठाणे इथूनच सुरुवात करतो. १६ एप्रिल १८५३, चौदा डबे, एकवीस तोफांची सलामी... शाळेत मीही वर्षानुवर्षं हेच शिकवलं. पण त्यानंतरची सव्वाशे वर्षं या देशातली बहुतेक माणसं कशावर बसून प्रवास करत होती, हे काही पाठ्यपुस्तकात नव्हतं. ती बसत होती लाकडी बाकावर. आणि सुरुवातीच्या काळात काही गाड्यांच्या सर्वांत खालच्या वर्गात तोही नसे. उभ्यानं जा, नाहीतर फळ्यांवर बैठक मारा.

या बाकाबद्दल सगळ्यात नेमकं लिहिलं ते गांधीजींनी. १९१५ साली आफ्रिकेतून परतल्यावर ते तिसऱ्या वर्गानं देशभर हिंडले आणि १९१७ मध्ये त्यावर एक लेख लिहिला. त्या सप्टेंबरात ते मेल गाडीनं मुंबईहून मद्रासला गेले होते. तिकीट तेरा रुपये नऊ आणे. डबा बावीस माणसांचा, तोही फक्त बसण्यापुरता आणि प्रवासात दोन रात्री काढायच्या! पुण्यापर्यंत गर्दी आटोक्यात राहिली ती रेल्वेच्या कृपेनं नव्हे, तर आतल्या दांडग्या प्रवाशांनी बाहेरच्यांना चढू दिलं नाही म्हणून. (हा प्रकार कुणाला नवा वाटणार नाही.) रायचूरनंतर तर श्वास घेणं कठीण झालं. सबंध प्रवासात डबा एकदाही झाडला गेला नाही, संडासाच्या टाकीत पाणी नव्हतं आणि वाटेत विकायला येणारे पदार्थ बघवत नव्हते.

त्यात मला शिक्षक म्हणून आवडतं ते त्यांचं गणित. पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून थोडं जास्त. मग तिसऱ्या वर्गाला निदान पाचव्या हिश्श्याइतकी सोय मिळते का? दहाव्या तरी? उलट तिसऱ्या वर्गाच्या पैशावर वरच्या वर्गाची चैन चालते, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. त्याच लेखात सहप्रवाशांच्या थुंकण्यावर आणि घाणीवरही त्यांनी कोरडे ओढले आहेत, ते आपण सोयीस्करपणे विसरतो. असो.

स्वातंत्र्य आलं, बाक राहिला. माझ्या लहानपणी मिरजेहून पुण्याला मीटर गेज होती आणि मुंबईला जायचं तर पुण्यात उतरून मोठ्या गाडीत बसायचं. वळकटी, ट्रंक, फिरकीचा तांब्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असा सगळा संसार घेऊन एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर. त्यातली वळकटी म्हणजे मुख्यतः बाकासाठीच. आई म्हणायची, "आधी सतरंजी चौपदरी कर, मग बस." १९७१ मध्ये मिरजेपर्यंत ब्रॉडगेज झाली आणि ती उतरचढ गेली. सतरंजी मात्र गेली नाही.

१९७४ मध्ये तिसरा वर्ग रद्द झाला. म्हणजे काय झालं? त्याला दुसरा म्हणू लागले. त्याच वर्षी मे महिन्यात रेल्वे कामगारांचा वीस दिवसांचा संप झाला, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या.

खरा बदल १९७७ नंतरचा, आणि तो करणारा माणूस आपला. प्रा. मधु दंडवते. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे, राजापूरचे खासदार. जनता सरकारात ते रेल्वेमंत्री झाले. संपात काढलेल्या कामगारांना त्यांनी परत घेतलं आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळीवर दोन इंचांची फोमची गादी घालायला लावली. पहिल्या वर्गाचं काही हिसकावून घ्यायचं नाही, दुसऱ्याला वर आणायचं, ही त्यांची भूमिका. त्याच वर्षी मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तीही सगळी एकाच वर्गाची! पुढे तिलाही वातानुकूलित डबे लागले, तो भाग वेगळा.

समाजवाद्यांच्या भांडणांवर, फाटाफुटींवर आपल्याकडे भरपूर लिहून झालंय. माझ्या मते त्यांच्या राजकारणातून सामान्य माणसाच्या पाठीला थेट जाणवलेली गोष्ट म्हणजे हे दोन इंच. जनता सरकार १९७९ मध्ये गेलं, पण पुढच्या कुठल्याही सरकारनं गादी काढली नाही. दंडवते २००५ मध्ये गेले, तेव्हाच्या लेखांत कोकण रेल्वेचा उल्लेख ठळक होता. तोही योग्यच. पण कोकण रेल्वेनं कोकणात जाणाऱ्यांची सोय झाली, गादीनं आसामपासून केरळपर्यंत रात्रभर जाणाऱ्या प्रत्येकाची.

अर्थात गादी आली ती झोपायच्या डब्यांत, आणि हळूहळू. आमच्या बाजूच्या दिवसाच्या पॅसेंजरला त्यानंतरही किती तरी वर्षं लाकडी पट्ट्यांचेच बाक होते. मी रोज त्याच गाडीनं शाळेत जायचो, चाळीस मिनिटं. पिशवीत वह्यांच्या गठ्ठ्याखाली एक घडी घातलेला टॉवेल असायचा.